सत्यसुधारक हॉटेल

कोल्हापूर शहरात येणाऱ्या पाहुण्याला आज खाण्यापिण्याची वाण पडत नाही. सकाळी गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचे पेले भरले जातात. ऊन थोडे चढले की मिसळीच्या दुकानांतून तिखट कटाचा दरवळ रस्त्यावर येतो. दुपारी आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या भराभर रित्या होतात. चहाच्या दुकानात तर दिवसभर वर्दळ असते. तेथे हमाल, विद्यार्थी, वकील आणि खेड्यातून बाजारासाठी आलेला शेतकरी एकाच बाकावर बसतात. शेजारी बसलेल्या माणसाची जात कोणी विचारीत नाही. एकाने ठेवलेली कपबशी धुऊन दुसऱ्यापुढे येते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही.

ही गोष्ट आज इतकी सहज झाली आहे की, ती एके काळी अशक्य मानली जात होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एका लहानशा चहाच्या दुकानाने ती शक्य करून दाखविण्याचा प्रयत्न केला. त्या दुकानाचे नाव होते ‘सत्यसुधारक हॉटेल’, आणि त्याचे मालक होते गंगाराम कांबळे.

त्या काळचे कोल्हापूर झपाट्याने वाढत होते. जुने शहर अंबाबाईचे देऊळ आणि जुना राजवाडा यांच्याभोवती दाटीने वसलेले होते. 1891 साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी येऊ लागली आणि शहराचे दार बाहेरच्या जगाला उघडले. 1894 साली छत्रपती शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी, 1895 साली, त्यांनी शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली. गुळाचा व्यापार वाढला. 1906 साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला गेला. पेठेत अडत्ये आले, हमाल आले, गाडीवान आले. गिरणीत मजूर आले. शाळांमध्ये खेडोपाडीचे विद्यार्थी आले. शहर वाढते ते असे. आधी रस्ता येतो, मग बाजार येतो आणि बाजारापाठोपाठ घर सोडून आलेली माणसे येतात.

घर सोडून आलेल्या माणसाला भूक मात्र घरी ठेवून येता येत नाही. पूर्वी प्रवासी परगावी गेला म्हणजे आप्तांच्या घरी उतरत असे. नाहीतर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून आपले अन्न आपण शिजवीत असे. गिरणीच्या भोंग्यावर धावणाऱ्या मजुराला किंवा गाडीची वेळ गाठणाऱ्या व्यापाऱ्याला एवढी सवड कोठून असणार? म्हणून वाढत्या शहरांतून खानावळी आणि चहाची दुकाने निघू लागली. तथापि रस्त्यावर जो भेदभाव होता, तो दुकानाच्या उंबरठ्याशी थांबला नाही. तो आतही शिरला. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्यांना दुकानात पाऊल टाकू देत नसत. त्यांनी बाहेर उभे राहावे, वेगळ्या ठेवलेल्या कपात वरून ओतलेला चहा घ्यावा आणि तो कप स्वतःच धुऊन ठेवावा, अशी रीत गावोगावी होती. पैसा मात्र त्यांचाही चालत असे!

शाहू महाराजांना हा अन्याय सहन होत नव्हता. 1902 साली त्यांनी आपल्या राज्यातील सरकारी नोकऱ्यांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करविली; अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी 1908 साली वसतिगृह निघाले. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. 1919 साली तर सरकारी इमारती, दवाखाने, धर्मशाळा, सार्वजनिक विहिरी व पाणवठे अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम त्यांनी दिले.

परंतु हुकूम कागदावर लिहिता येतो, मनावर तो लिहिता येत नाही. याचा प्रत्यय महाराजांना आपल्याच नोकरचाकरांत आला.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी चाकरीस होते. त्यांचा जन्म त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार समाजात झाला होता. महाराज परगावी गेले असताना एके दिवशी गंगाराम यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला, असे निमित्त करून इतर काही नोकरांनी त्यांना निर्दयपणे मारले. महाराज परतल्यावर गंगाराम यांनी आपले गाऱ्हाणे त्यांच्या कानी घातले. महाराजांचा संताप अनावर झाला. त्यांनी अपराध्यांस शासन केले. पण एवढ्याने काम भागणार नाही, हे ते जाणून होते. आज मारणाऱ्याला शिक्षा झाली, पण उद्याचे काय? दुसऱ्याच्या मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून आहे, त्याचा मान कोण राखणार? म्हणून त्यांनी गंगाराम यांना चाकरीतून मोकळे केले, स्वतःचा धंदा करण्याचा सल्ला दिला आणि त्यासाठी द्रव्यसाहाय्यही केले.

गंगाराम यांनी निवडलेला धंदा कोणता? तो होता चहाच्या दुकानाचा! ज्यांच्या हातचे पाणीदेखील लोक घेत नव्हते, त्यांनी चहा विकण्याचे ठरविले. भाऊसिंगजी रोडवर, शहराच्या ऐन वर्दळीच्या भागात, ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले. वस्तीच्या एका कडेला, फक्त आपल्या समाजापुरते दुकान काढले असते, तर कोणी फारशी हरकत घेतली नसती. पण गंगाराम यांचे दुकान सर्वांसाठी होते, आणि म्हणून ते सर्वांच्या रस्त्यावर होते.

दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण गिऱ्हाईक येईना. रस्त्याने जाणारे पाहत आणि पुढे जात. कोणी कुजबुजत, कोणी उघड टिंगल करीत. चूल पेटलेली, आधण उकळते आहे आणि बाके रिकामी आहेत! ही हकीकत महाराजांच्या कानी गेली.

यापुढील प्रसंग कोल्हापुरात आजही आवडीने सांगतात. महाराज फेरफटक्यास निघाले, ते थेट गंगाराम यांच्या दुकानासमोर येऊन थांबले. भर रस्त्यात, दहा लोकांच्या देखत त्यांनी चहा मागविला. गंगाराम यांनी लगबगीने चहा करून आणला. महाराज तो चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही त्यांनी तो देवविला. प्रत्यक्ष छत्रपती जो चहा पितात, तो नाकारण्याचे धैर्य कोणास होणार? महाराजांचा हा क्रम पुढे वारंवार चालू राहिला. ज्यांना महाराजांची सही हवी असे, त्यांनाही ते या दुकानापाशी येण्यास सांगत आणि चहा पाजल्याखेरीज सही देत नसत, असेही सांगितले जाते. हळूहळू बाके भरू लागली.

या ठिकाणी एक विचार मनात येतो. पहिल्या दिवशी ज्यांनी चहा घेतला, त्यांतील कित्येकांनी तो महाराजांच्या धाकाने घेतला असेल. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा की, एकदा घोट घशाखाली उतरला म्हणजे भीतीचे निम्मे बळ सरते. विटाळ होईल, अनर्थ ओढवेल, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले असते. आणि प्रत्यक्षात काय होते? तोंडाला चहाची गोडी येते, इतकेच! महाराजांनी दार उघडले, हे खरे. पण दुकान चालविले ते गंगाराम यांनी. छत्रपती घटकाभर येऊन जात. रोज पहाटे चूल पेटवावी लागे ती गंगाराम यांनाच. टिंगल करणाऱ्यालाही उद्याचे गिऱ्हाईक समजून हसतमुखाने पेला पुढे करावा लागे, तोही त्यांनाच. एकाचा अधिकार आणि दुसऱ्याचे धैर्य, या दोहोंच्या मेळाने ते दुकान उभे राहिले.

6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. पुढे 1925 साली गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांच्या साहाय्याने कोल्हापुरातील नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. मोठमोठे धनिक आणि सरदार असलेल्या या नगरीत राजाचे पहिले स्मारक उभे केले ते एका चहावाल्याने!

एका टेबलापाशी बसण्याचा हा प्रश्न केवळ आपल्याच देशात होता असे नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी काळ्या वर्णाच्या लोकांना उपाहारगृहात गोऱ्यांबरोबर बसू देत नसत. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो या शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील अशा टेबलापाशी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती त्यांना मिळाली नाही; तरी दुकान बंद होईपर्यंत ते शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्या दुकानाला आपला नियम बदलावा लागला. 1964 साली असा भेदभाव बेकायदा ठरविणारा कायदा त्या देशाने केला.

भारताने हा प्रश्न आपल्या संविधानातच सोडविला. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव व रस्ते यांच्या वापरास मनाई करता येणार नाही, असे स्पष्टपणे सांगितले. देशाच्या या सर्वोच्च ग्रंथात चहाच्या दुकानासारख्या साध्या जागेचा विचार का व्हावा? कारण माणसाचा मान किंवा अपमान हा सिंहासनासमोर क्वचित होतो. तो पाणवठ्यावर, वाटेवर आणि जेवणाच्या पंगतीत रोज होत असतो.

कोल्हापूर आता मोठे झाले आहे. 1972 साली येथे महानगरपालिका झाली. नव्या वसाहती निघाल्या आणि त्यांच्या चौकाचौकांत नवी उपाहारगृहे उघडली. नवीन वस्तीत चहाचे पहिले दुकान निघाले म्हणजे तेथे ओळखी होतात, कामाची व घरांची चौकशी होते, अनोळखी माणसाला पत्ता सापडतो. शेजारी राहणारी माणसे तेथे खरोखर शेजारी होतात. घरे आणि रस्ते यांनी वस्ती उभी राहते. पण आलेल्या प्रत्येकाला जेथे बसायला जागा मिळते, तीच वस्ती शहर या नावास पात्र होते. भाऊसिंगजी रोडवरील त्या लहानशा दुकानाने कोल्हापुरास ही गोष्ट एकेका पेल्याने शिकविली.

शब्दार्थ

वाण पडणे – उणीव भासणे. धारोष्ण – नुकतेच काढलेले, कोमट. अडत्या – दलालीवर दुसऱ्याचा माल विकून देणारा व्यापारी. प्रत्यय – अनुभव. गाऱ्हाणे – तक्रार. शासन – शिक्षा. द्रव्यसाहाय्य – पैशाची मदत. आधण – उकळण्यास ठेवलेले पाणी.

स्वाध्याय

1. आगगाडी व नवी पेठ यांमुळे कोल्हापुरात कोणकोणते लोक आले? त्यांना खानावळींची गरज का भासली?
2. अपराध्यांना शिक्षा केल्यावरही काम भागणार नाही, असे महाराजांना का वाटले?
3. गंगाराम यांनी आपले दुकान वर्दळीच्या रस्त्यावर काढले, यात कोणते धैर्य दिसते?
4. ‘हुकूम कागदावर लिहिता येतो, मनावर तो लिहिता येत नाही’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
5. तुमच्या वस्तीतील सर्वांत जुन्या उपाहारगृहाची किंवा चहाच्या दुकानाची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.