किल्ली देऊन टाक

कराड,
शुक्रवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. ती रडत नव्हती, तेव्हाच म्हटलं प्रकरण अवघड दिसतंय. (ताई रडते तेव्हा फारसं काही झालेलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.) धनकवडीच्या फ्लॅटची मुदत ३० तारखेला संपतेय, मालक ६०,००० च्या डिपॉझिटमधून ३८,००० कापून घेणार म्हणतोय, आणि तू त्याला तोंडावर सांगितलंस, 'आधी पैसे, मग किल्ली.' तुझ्या दोन्ही दोस्तांनी टाळ्या वाजवल्या असतील. करारावर अंगठा मात्र तिघांत तुझ्या एकट्याचा आहे.

अडवून धरायची खोड आपल्या घरात जुनीच. तुझ्या आजोबांनी सामाईक विहिरीच्या मोटरची चावी अशीच खिशात घालून ठेवली होती. त्या साली उसाचं काय झालं ते तू शंभरदा ऐकलं आहेस.

नोकरीची सगळी वर्षं मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काढली. अंगठा द्यायला येणारी पोरं फोटो बरा आला का तेवढं बघायची, कागद कोणी वाचायचं नाही. तूही वाचला नसशील असं धरून सांगतो. तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. मुदत संपूनही जागेचा ताबा दिला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मालकाला दुप्पट दरानं भरपाई मागता येते. भाडं १८,०००, म्हणजे दिवसाचे ६००, दुपटीनं १,२००. दहा दिवस किल्ली धरून बसलास की १२,००० तूच त्याच्या पदरात टाकलेस. आज तो नुसता आकडा फेकतोय. उद्या त्याच्या हातात कायदा देशील.

आता त्या ३८,००० चं बघू. बेसिन तुम्ही फोडलंत. बेडरूमच्या दाराची डार्ट बोर्ड लावून चाळण केलीत. अरे, बावीस वर्षांचा घोडा तू, दुसऱ्याच्या दाराला टोचे मारताना हात जरा थांबला नाही? हे दोन खर्च तुमचे. त्यानं मागायच्या आधी स्वतः कबूल करा, सुताराचं आणि प्लंबरचं बिल घ्या आणि देऊन मोकळे व्हा. तेवढं कबूल केलंत की बाकीचं नाकारताना आवाज चढवावा लागत नाही.

भिंतीचे पोपडे गच्चीतून मुरणाऱ्या पाण्यानं सुटलेत. जुलैत तू पाठवलेला फोटो माझ्या फोनमध्ये आहे. गिझरची कॉइल बोअरच्या क्षारांनी गेली. राहत्या घराचा रंग मळतोच, ती झीज भाडेकरूच्या माथी मारायची नसते. पण आधी करार काढून बघ. 'जागा सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं वाक्य पुष्कळ करारांत असतं. असेल तर तिथं फार ताणू नकोस. नसेल तर बिल पाहिल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, आणि बिल आलं तरी जुना गिझर किती वर्षांचा होता ते विचार. १८७२ च्या करार कायद्यात झालेल्या नुकसानीची वाजवी भरपाई आहे, जुन्याच्या जागी फुकटात नवं नाही.

आणखी एक. करारात डिपॉझिट ५०,००० च लिहिलंय. वरचे १०,००० ताईच्या भिशीचे, रोख दिलेले. मालकाचा 'साठ मिळाले' असा मेसेज होता ना? तो जपून ठेव, मलाही पाठवून दे.

पण हे सगळं किल्ली दिल्यावर. ३० तारखेला सकाळी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ, दिवे लावून, नळ सोडून, महावितरणच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा. ताबापावती दोन प्रतींत कर: इतक्या किल्ल्या दिल्या, डिपॉझिट येणे बाकी. 'संपूर्ण हिशेब मिटला' असा कागद त्यानं पुढे केला तर त्यावर सही करायची नाही. तो आलाच नाही तर त्याच दिवशी मेसेज कर आणि किल्ल्या पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठव. (रजिस्टर आता स्पीड पोस्टातच गेलं. आमच्या ऑफिसचा निम्मा कारभार त्यावर चालायचा.)

तू म्हणशील, किल्ली गेली की तो कशाला विचारतोय? बरेचदा विचारत नाहीतच, मी नाही म्हणत नाही. मग नोटीस द्यायची. पैशाचा दावा लावायला तीन वर्षं असतात. त्याच्याही आधी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दावा न लावताही लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही. काही महिने जातील. थोडे पैसे सोडावेही लागतील. तरी किल्ली धरून बसण्यापेक्षा ते परवडलं.

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉटवर राहायचो. निघताना मालकांनी मोरीची फरशी फुटली म्हणून सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. फरशी मी यायच्या आधीपासून फुटकी होती. मी मान खाली घालून ट्रंक उचलली. घरी कळू नये म्हणून मेसचे खाडे करून पुढच्या जागेचे पैसे साठवले. तुझे आजोबा गेले, त्यांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा तू भांडतोस याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर ताईचं ऐकताना जरा बरंच वाटलं. तिला बोलू नकोस.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, तू मेस बंद केलीस. जेवण बेचव असतं असं तिला सांगितलंस म्हणे. मला ती थाप नको. नव्या रूमला किती कमी पडतात ते मला कळव, जमेल ते पाठवतो, परत करायची घाई नाही. मेस आजच चालू कर.

३० ला पहाटेच्या एसटीनं मी स्वारगेटला येतोय. सामान उतरवायला एक माणूस लागेलच. मालकाशी बोलायचं तूच, मी शेजारी उभा राहीन. मामी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे, तिघांना पुरेल एवढं करते म्हणाली. डबा मात्र तिला परत हवाय.

तुझा,
मामा