लडाखच्या बॅगेतलं जाड जॅकेट

जून ते सप्टेंबरदरम्यान लडाखला निघालेल्या मुंबई-पुण्याकडच्या पर्यटकांच्या बॅगांत कपड्यांची दोन टोकं सापडतात. एकीकडे कुणाकडून तरी मागून आणलेलं जाडजूड जॅकेट, दुसरीकडे रोजचे टी-शर्ट, कुर्ते आणि फोटोंसाठी तीन-चार जीन्स. मधलं काहीच नसतं, आणि फसगत होते ती तिथेच. आपल्याकडची थंडी ऋतूची असते. दिवाळीनंतर कपाटातून स्वेटर काढला की संक्रांत उलटेपर्यंत तेवढा पुरतो. लडाखच्या उन्हाळ्यात मात्र थंडी तासागणिक येते-जाते. त्यामुळे बॅग भरताना ‘तिकडे थंडी किती असेल?’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. दिवसातून किती वेळा कपडे चढवावे-उतरवावे लागतील, याचा अंदाज घ्यावा.

लेह ते नुब्रा हा एकाच दिवसाचा प्रवास बघा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथून जेमतेम ४० किलोमीटरवर असलेली खारदुंग ला खिंड ५,३५९ मीटरवर, आणि पलीकडे उतरलं की नुब्राचं खोरं लेहपेक्षाही खाली. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नाश्त्यानंतर निघालेला माणूस दोनेक तासांत बारा अंश गार हवेत पोहोचतो आणि जेवणाच्या वेळेला पुन्हा उन्हात. त्यातून हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे उन्हात चटका आणि सावलीत हुडहुडी. अशा वेळी गाडीच्या काचेतून ऊन येत असताना जाड जॅकेट अंगावर ठेवलं तर घाम फुटतो, काढलं तर आत नुसता सुती टी-शर्ट. घामाने ओला झालेला सुती कपडा लवकर वाळत नाही आणि खिंडीतल्या वाऱ्यात तोच अंगाला गार पाडतो. आत अंगाबरोबर बसणारा थर्मल किंवा बारीक लोकरीचा गंजी, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, अशी रचना केली की थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरते आणि नको तेव्हा एक-एक थर उतरवता येतो. जीन्स घरीच राहू द्यावी. वजनाला जड आणि भिजली की दिवसभर ओली.

यावर पहिला आक्षेप, रोज तेच कपडे कसे घालणार? घालता येतात, कारण लेहमध्ये वर्षभरात पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सकाळी पिळून टाकलेला पातळ कपडा दुपारपर्यंत वाळतो. (श्रावणातल्या कोकणात हा हिशोब उलटा होईल, हे सांगायला नकोच.) बॅग हलकी ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे लेहमध्ये हवेचा दाबही समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच असतो. विमान कंपनीने किती किलो चालवून घेतलं याला मग अर्थ उरत नाही; गेस्ट हाऊसचा एक जिना चढताना हातातली बॅग आपली जागा दाखवून देते. पहिले दोन दिवस तर तसंही धावपळ न करण्याचे.

दुसरा आक्षेप फोटोंचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. हौसेने केलेला प्रवास आहे, नीटनेटकं दिसावंसं वाटणारच. पण आपण पैसे घालतो आतल्या कुर्त्यांवर आणि प्रत्येक फोटोत दिसतं ते वरचं जॅकेट. म्हणून निवड त्याचीच चोखंदळपणे करावी. मागे तपकिरी-राखी डोंगर आणि गडद निळं आकाश असतं. खाकी किंवा करड्या रंगाचा माणूस त्यात हरवून जातो. हळदी, केशरी किंवा लाल जॅकेट, खाली काळी वा गडद निळी पँट आणि दोन-तीन वेगवेगळे स्कार्फ एवढ्यावर आठवडा देखणा जातो. स्कार्फ धुळीतही उपयोगी पडतो.

साडी नेसणाऱ्या मावशी-काकूंनी काय करायचं? परकराखाली थर्मल पायजमा, लांब बाह्यांचा लोकरी ब्लाउज, वर विंडचीटर आणि पायांत बूट. माझ्या मते मात्र ठिकसेसारख्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्या वाऱ्यात चढायच्या असतील तर सलवार-कमीज बरी. गोम्पात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी आणि बूट उतरवावे लागतात, आणि आतली फरशी गार असते. तेव्हा जाड मोज्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच असू द्यावा.

उरतो पँगाँगचा मुक्काम. सुमारे ४,२५० मीटरवर, तळ्याकाठी, रात्रीच्या वाऱ्यात वरचे तीन थर अपुरे पडतात, हे मान्य. त्या एका रात्रीसाठी चेपून मुठीएवढं होणारं पिसांचं जॅकेट न्यावं. ते फक्त भिजू देऊ नये, ओल्या पिसांत ऊब राहत नाही. विकत घ्यायचं नसेल तर लेहच्या बाजारात जॅकेटं भाड्याने मिळतात. घेताना चेन वर-खाली ओढून बघावी.