काडी चालायला लागली!

शाळेत काचेची एक पेटी आहे. आत फक्त पानं आणि फांद्या. तुम्ही म्हणता, "अरे, ही तर रिकामीच आहे!" आणि तेवढ्यात एक काडी चालायला लागते. ती काडी नसते, तो असतो काडीकिडा!

ब्रिटनमधल्या बऱ्याच शाळांमध्ये एका जातीचा काडीकिडा पाळतात. त्याचं मूळ घर आहे दक्षिण भारतातल्या तमिळनाडूमध्ये. म्हणजे तोही भारतातूनच आलाय, बरं का!

हा किडा सुमारे ८ सेंटीमीटर लांब, बारीक आणि हिरवा किंवा तपकिरी असतो. त्याला पंख नसतात. फांदीवर बसला की तो पुढचे दोन पाय डोक्यासमोर सरळ लांब करतो. मग डोकं कुठे आणि पाय कुठे, काही कळत नाही. आजूबाजूच्या वस्तूंसारखं दिसून लपण्याला 'मायावरण' म्हणतात.

पण नुसतं काडीसारखं दिसून भागत नाही. हलला की पकडला गेलाच! म्हणून दिवसा तो गप्प बसतो आणि अंधार पडला की पानं खायला निघतो. कधी कधी तो हळूहळू डोलतो, जणू वाऱ्यानं हलणारी काडीच.

तरी शत्रूनं ओळखलं तर? त्याच्याकडे आणखी युक्त्या आहेत.

१. तो टपकन खाली पडतो आणि मेल्याचं सोंग करतो.
२. कुणी पाय पकडला, तर तो पाय तिथेच सोडून पळतो! किडा लहान असेल, तर पुढे कात टाकताना नवा पाय येतो.
३. तो पुढचे पाय एकदम वर करतो. त्यांच्या मुळाशी लाल डाग असतो. तो बघून शत्रू दचकतो.

आतापर्यंत आपण 'तो' म्हणत होतो ना? गंमत म्हणजे या जातीत जवळजवळ सगळ्या 'ती'च असतात! नर नसला तरी मादी अंडी घालते आणि त्यांतून पिल्लं येतात. अंडीसुद्धा बियांसारखी दिसतात, म्हणून चटकन ओळखू येत नाहीत.

इथेच तुमचं काम सुरू होतं. पेटीतला कचरा बाहेर टाकला, तर अंडीही बाहेर जातात. एकाच किड्यापासून पुष्कळ किडे होऊ शकतात. कॅलिफोर्निया आणि दक्षिण आफ्रिकेत हे किडे असेच बाहेर पसरले आणि बागेतली झाडं खाऊ लागले. म्हणून किडा बाहेर सोडू नका. मोठ्यांना विचारून कचरा आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच टाका.

नवे शब्द
सोंग करणे – खोटं खोटं वागून दाखवणे
कात टाकणे – अंगावरची जुनी कातडी काढून टाकणे
दचकणे – अचानक घाबरणे
डोलणे – इकडून तिकडे हळू हलणे

सांगा पाहू
१. काडीकिडा दिवसा गप्प का बसतो?
२. पेटीतला कचरा लगेच बाहेर का टाकू नये?
३. 'तो'च्या जागी 'ती' वापरून लिहा: तो गप्प बसतो. तो खाली पडतो. तो पाय सोडून पळतो.