गिअरला केबल बरी की बॅटरी?

प्रश्न : रोज सकाळी मी माउंटन बाईक घेऊन प्रवरेच्या कडेने जातो, कधी देवगड, कधी प्रवरासंगम. पावसाळ्यात पाणंदीतून आलो की गिअर अडतात. मित्र म्हणतात, वायरलेस बसव, कटकट मिटेल. बसवू का?
— एक वाचक, नेवासा

उत्तर : मित्रांचं म्हणणं निम्मं खरं आहे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरला लगद्यासारखी चिकटते आणि तिथून उडून नेमकी मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागापाशी, बसते. तिथेच केबलचा शेवटचा वळसा असतो. आऊटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, तोंडातून चिखलाचं पाणी आत शिरतं, वाळतं आणि तार घासू लागते. लिव्हर दाबून तार ओढली जाते, पण परत सोडताना स्प्रिंगचा जोर कमी पडतो. म्हणून चेन लहान चक्रावर उतरायला कुरकुरते. नळीतून तार ओढण्याची ही युक्ती बोडेन नावाच्या संशोधकाने १८९६ मध्ये पेटंट केली, दुखणंही तेव्हापासूनचंच.

वायरलेसमध्ये तारच नाही. हँडलवरचं बटण रेडिओ संदेश पाठवतं आणि डिरेलरमधली छोटी मोटर चेन ठरलेल्या जागी नेते. स्रॅम कंपनीने माउंटन बाईकसाठी हे २०१९ मध्ये आणलं, शिमानो कंपनीचा वायरलेस एक्सटीआर गिअर-संच २०२५ मध्ये आला. स्रॅमच्या डिरेलरची बॅटरी साधारण वीस तास चालते. ती संपली की ज्या गिअरमध्ये असाल त्यातच घरी यायचं. आणि दगडावर आपटून डिरेलर फुटला, तर त्या किमतीत साधी चांगली सायकल येईल! शर्यतीत उतरणाऱ्याला किंवा अंगठ्याचे सांधे दुखणाऱ्याला मात्र मी वायरलेसच सुचवेन.

तुम्ही आधी एवढं करा. सायकलच्या फ्रेमवर केबल उघडी दिसत असेल, तर पायडल फिरवत चेन सर्वांत मोठ्या चक्रावर न्या. मग पायडल थांबवून लिव्हरने सगळे गिअर सोडा. केबल सैल पडेल, आऊटरचं टोक खाचेतून हातानेच निघेल. आऊटर सरकवून तार फडक्याने पुसा. फडक्यावर तपकिरी रेघ उमटली, तर चोर सापडला. तार गंजलेली किंवा तिचे पदर उसवलेले असतील, तर नवी केबल आणि नवा आऊटर दोन्ही घाला. नुसती केबल बदलून जुना आऊटर ठेवणं म्हणजे पैसे वाया. दर पावसाळ्यानंतर ही साफसफाई केलीत तरी पुरे. नवी केबल घातल्यावर दोन-चार दिवसांत गिअर जरा हलतात. लोक म्हणतात तार ताणली. खरं तर आऊटरची टोकं जागेवर बसलेली असतात. तारेचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवला की जमतं.

एवढं करूनही अडलं, तर मागे उभं राहून डिरेलर पाहा. त्याची दोन छोटी चाकं चक्रांच्या सरळ रेषेत नसतील, तर डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकलाय. तो सरळ केल्याशिवाय केबल असो की बॅटरी, गिअर नीट पडणार नाही.