उचल, कोयता आणि लेकराचें बाळपण

बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या आरंभीं परततात. मुकादमाची उचल फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो. यांत लेकरांचें काय होतें, याचा आपण विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, आई पहाटेच फडांत जाते. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईचेंच दूध हवें. तें वेळेवर कसें मिळावें? पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्यानें होते. तेव्हांची उपासमार पुढें सहज भरून निघत नाहीं. दुसरी गोष्ट, धाकट्यास सांभाळतां सांभाळतां थोरलीची शाळा सुटते. मग लवकर लग्न, आणि तिच्याही हातीं कोयता.

ह्यांत आईबापांच्या मायेची उणीव आम्हांस दिसत नाहीं. उणीव सोयीची आहे. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो गांव सोडल्यानें जात नाहीं. म्हणून, वाचकहो, शेजारचें कुटुंब निघण्यापूर्वीं मुलांचीं नांवें हंगामी वसतिगृहांत घालण्यास साह्य करा. आणि बाळाच्या लसींचें कार्ड आईच्या गांठोड्यांत आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहा.