एका घरात दोन बिऱ्हाडे

(एकाच संगणकावर दोन वेगवेगळ्या कार्यप्रणाली कशा नांदू शकतात, हे एका प्रसंगाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.)

आमच्या पारोळ्यात उर्दूचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सारा मोहल्ला त्यांना 'मास्टरसाहेब' म्हणतो. नोकरीत असताना ते दरवर्षी मुलांचे निबंध आणि कविता गोळा करत, स्वतः संगणकावर उर्दूत टाइप करत आणि त्यांचा छोटा अंक तयार करत. असे बारा अंक त्यांनी काढले.

एके दिवशी त्यांचा जुना संगणक बंद पडला. सुदैवाने सर्व फाइली पेन ड्राइव्हवर होत्या. मुलाने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. पण त्यावर एकही फाइल उघडेना. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी निवडक लेखन छापून वाटायचे, असे त्यांनी ठरवले होते. लॅपटॉप कापडी पिशवीत घालून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बेटा, मुलांचे सारे लिखाण आत आहे; पण दार उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट वर्गात सांगितली. एका मुलीने लगेच विचारले, "सर, जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपमध्ये टाकला की झाले ना?"

प्रश्न चांगला होता. पण उत्तर इतके सोपे नव्हते. मुलांनो, इथे अडचणी दोन होत्या.

पहिली अडचण कार्यप्रणालीची. संगणक चालू केल्यावर सर्व कारभार जी पाहते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही तिची उदाहरणे. मास्टरसाहेबांचा उर्दू प्रोग्रॅम विंडोजसाठी बनवलेला होता आणि नव्या लॅपटॉपवर विंडोज नव्हते.

दुसरी अडचण प्रोसेसरची. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञा समजण्याची भाषा वेगळी असते. आपण घरी उर्दू बोलतो, शाळेत मराठी शिकतो आणि बाजारात अहिराणी ऐकतो. ज्याला फक्त उर्दू येते, त्याला अहिराणीत काम सांगितले तर तो नुसता पाहत राहील. तसेच हे आहे. जुन्या संगणकाचा प्रोसेसर 'एक्स-८६' जातीचा होता. नव्या लॅपटॉपचा प्रोसेसर 'एआरएम' जातीचा होता.

एआरएमचा जन्म इंग्लंडमधील केंब्रिज शहरात झाला. तेथील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याचा आराखडा तयार केला. त्यांची पहिली चिप 1985 साली चालू झाली. ही चिप फार थोडी वीज वापरत असे. हाच गुण पुढे उपयोगी पडला. बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइल फोनला असाच प्रोसेसर हवा होता. आज आपल्या घरांतील बहुतेक मोबाइलमध्ये एआरएम जातीचाच प्रोसेसर असतो. 2012 साली आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही एआरएमवर चालतो. 2020 साली ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांतही एआरएम जातीचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली.

मग जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवायचा कसा? यासाठी एक युक्ती आहे. तिला 'आभासी संगणक' म्हणतात.

समजा, तुमच्या घरात एक खोली रिकामी आहे. ती तुम्ही पाहुण्यांना दिली. पाहुणे त्या खोलीत आपली चूल मांडतात आणि आपल्या पद्धतीने राहतात. घर तेच, पाणी तेच, वीज तीच. पण बिऱ्हाडे दोन. संगणकातही असेच करता येते. मूळ कार्यप्रणाली ही यजमान. तिच्या आत एक विशेष प्रोग्रॅम लोखंडाचा नव्हे, तर नुसता हिशोबाचा संगणक उभा करतो. त्याला यजमानाच्या स्मृतीतील काही भाग आणि डिस्कवरील थोडी जागा मिळते. त्यात दुसरी कार्यप्रणाली पाहुणी म्हणून राहते. आपण एका खोलीत आहोत, हे तिच्या ध्यानातही येत नाही. ती स्वतःला पूर्ण घराची मालकीण समजते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने 1972 साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी सोय जाहीर केली होती. एकाच यंत्रावर अनेक जण काम करत आणि प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे वाटे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पाहुणा यजमानाचीच भाषा बोलणारा असेल, तर काम झटपट होते. त्याच्या आज्ञा प्रोसेसरला थेट समजतात. पाहुणा परभाषेचा असेल, तर मध्ये दुभाषी बसवावा लागतो. दुभाषी प्रत्येक आज्ञेचा अनुवाद करतो, त्यामुळे वेळ लागतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 2003 साली प्रसिद्ध केलेला 'क्यूईएमयू' हा प्रोग्रॅम अशा दुभाष्याचे काम करतो.

आम्ही सोपा मार्ग निवडला. एआरएमसाठी तयार केलेले विंडोज 11 मिळते. ते यजमानाच्या प्रोसेसरची भाषा जाणते. शिवाय एक्स-८६ जातीच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी त्याच्यापाशी स्वतःचा दुभाषी असतो. म्हणजे सबंध कार्यप्रणालीचा अनुवाद करायला नको. फक्त त्या एका प्रोग्रॅमचा केला की पुरे.

आम्ही रीतसर परवाना घेतला. लॅपटॉपची स्मृती 8 जीबी होती. त्यातील 4 जीबी आणि डिस्कवरील 64 जीबी जागा पाहुण्याला दिली. विंडोज 11 ला किमान एवढे लागतेच. मग मास्टरसाहेबांनी जपून ठेवलेला जुना प्रोग्रॅम त्यात बसवला आणि पहिल्या अंकाची फाइल उघडली. पडद्यावर नस्तालीक लिपीतील ओळी उमटल्या. पहिलाच निबंध होता 'आमच्या गावचा किल्ला'. मास्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

पण काम संपले नव्हते. शाळेचा जुना प्रिंटर पाहुण्या विंडोजला ओळखू येईना. प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एआरएमसाठी वेगळाच बनवावा लागतो. तेथे दुभाष्याची मात्रा चालत नाही. त्या प्रिंटरसाठी तसा ड्रायव्हर उपलब्ध नव्हता. तेव्हा आम्ही सर्व पानांची पीडीएफ केली, ती सामायिक फोल्डरमधून यजमानाकडे आणली आणि दुसऱ्या संगणकावर छापली.

आपल्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे. आभासी संगणकाभोवतीही तसाच खंदक असतो. पाहुण्याकडे बिघाड झाला, तरी यजमान सहसा सुरक्षित राहतो. सामायिक फोल्डर हा त्या खंदकावरचा पूल. पुलावरून काय येते-जाते, यावर मात्र लक्ष ठेवावे लागते.

मेळाव्याच्या दिवशी छापलेले अंक वाटले गेले. एक माजी विद्यार्थी आपल्या लहान मुलाला आपणच लिहिलेली कविता वाचून दाखवत होता.

मास्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, आता या सर्व अंकांची पीडीएफ करून ठेवू. दर वेळी दुभाषी मिळेलच असे नाही."

मुलांनो, यंत्रे बदलत राहतात. जुने यंत्र गेले तरी त्यातले लेखन जाऊ देऊ नये. त्यासाठी नव्या घरात जुन्याला एक खोली द्यावी आणि तेवढ्यात आपले सामान नीट बांधून घ्यावे.

शब्दार्थ
बिऱ्हाड – राहण्याचे ठिकाण, संसार
यजमान – मेजबान
पाहुणा – मेहमान
दुभाषी – तर्जुमान
आभासी – खरे नसून खऱ्यासारखे भासणारे
सामायिक – दोघांचे मिळून असलेले
खंदक – किल्ल्याभोवतीचा खोल चर

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मास्टरसाहेब दरवर्षी काय तयार करत?
(आ) एआरएमची पहिली चिप कोणत्या साली चालू झाली?
2. कारणे लिहा.
(अ) नव्या लॅपटॉपवर जुन्या फाइली उघडेनात.
(आ) दुभाषी बसवल्यास काम सावकाश होते.
3. 'दर वेळी दुभाषी मिळेलच असे नाही,' असे मास्टरसाहेब का म्हणाले? तुमच्या शब्दांत लिहा.
4. तुमच्या घरातील जुने लेखन, पत्रे किंवा छायाचित्रे कशी जपता येतील, यावर पाच ओळी लिहा.