रोजनाम्याची शेवटची नोंद

(सनीवेल, कॅलिफोर्निया. रविवारची दुपार. भाचीचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि पुढच्या महिन्यात तिला कामावर रुजू व्हायचंय. मावशीने सॅन होजेत वकिलांच्या कचेरीत वीस वर्षं पॅरालीगल म्हणून काम केलं आहे.)

भाची: मावशी, बाळाला सांभाळायला एक बाई मिळाल्यात. बोलायला छान आहेत, बाळही लगेच गेलं त्यांच्याकडे. पण मैत्रीण म्हणते, आधी इंटरनेटवर त्यांचं नाव टाकून बघ. थोडे डॉलर भरले की सगळा गुन्हेगारी इतिहास पाठवतात म्हणे.

मावशी: भरू नकोस ते पैसे. त्या कंपन्या दहा ठिकाणहून माहिती गोळा करतात. ती कधीची आहे, पुढे त्यात काय बदललं, हे त्यात कळतच असं नाही. मूळ कागद काउंटीच्या कोर्टात असतो आणि तो कोणालाही बघता येतो.

भाची: कोणालाही? माझा त्या खटल्याशी काही संबंध नसला तरी?

मावशी: तरीही. 1978 साली निक्सनच्या टेपांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. टेपा काही मागणाऱ्यांना मिळाल्या नाहीत, पण कोर्टाचे कागद पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना आहे, हे कोर्टाने त्यात मान्य केलं. आपल्याकडे परक्या माणसाने नक्कल मागितली तर ती कशासाठी हवी ते सांगावं लागतं. इथल्या खिडकीवर ते विचारत नाहीत.

भाची: मला तर फेलनीचंच बघायचंय. फेलनी म्हणजे आपला दखलपात्र गुन्हा ना?

मावशी: नाही गं, इथेच सगळे फसतात. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. फेलनी ठरते शिक्षेवरून. कॅलिफोर्नियात ज्याला राज्याच्या तुरुंगाची शिक्षा होऊ शकते ती फेलनी. 2011 पासून बऱ्याच फेलनींची शिक्षा काउंटीच्या तुरुंगातच भोगायची असते, म्हणजे 'तो तर काउंटी जेलमध्ये होता, किरकोळ काहीतरी असेल' असाही अंदाज बांधता येत नाही. त्याहून हलका तो मिसडिमीनर. आणि काही गुन्हे दोन्हींत मोडू शकतात. वकील त्यांना 'वॉबलर' म्हणतात. खटला फेलनी म्हणून दाखल होतो आणि पुढे न्यायाधीश तो मिसडिमीनर ठरवतात. पहिलं पान वाचून फाइल मिटलीस तर ती बाई तुझ्या लेखी कायमची फेलन.

भाची: बरं, मग कुठल्या कोर्टात जायचं?

मावशी: आधी त्या कुठेकुठे राहिल्यात ते सांग.

भाची: आता मिल्पीटसला. त्याआधी फ्रीमाँट, त्याच्याही आधी स्टॉकटन.

मावशी: म्हणजे तीन कोर्टं. मिल्पीटस सांता क्लारा काउंटीत, शेजारचंच फ्रीमाँट अलामीडात, स्टॉकटन सॅन होकिनमध्ये. राज्यात 58 काउंट्या आणि प्रत्येकीचं एक सुपिरिअर कोर्ट. 1998 च्या घटनादुरुस्तीआधी हलके खटले म्युनिसिपल कोर्टात चालायचे. आता सगळे एकाच छताखाली आहेत, पण एका काउंटीचं दफ्तर शेजारच्या काउंटीतलं काही दाखवत नाही. मिल्पीटसहून फ्रीमाँट गाडीने किती, पंधरा मिनिटं? तेवढ्यात दफ्तर बदलतं.

भाची: सगळ्या राज्याची एकच यादी नाही?

मावशी: राज्याच्या न्याय खात्याकडे आहे, बोटांच्या ठशांवर चालते. पण स्वतःची नोंद मागवता येते, दुसऱ्याची नाही. 'तुमची काढून मला दाखवा' अशी अटही कामावर ठेवणाऱ्याला घालता येत नाही. शिवाय फेडरल खटले वेगळेच. ते पेसर नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत मिळतात, पानाला दहा सेंट.

भाची: काउंटीचे कागदही घरबसल्या मिळत असतील ना?

मावशी: नावांची यादी काही काउंट्या दाखवतात. लॉस एंजेलिस पैसे घेऊन नाव शोधू देतं. पण फौजदारी खटल्यातले कागद कोर्टाच्या इमारतीत जाऊनच बघायचे, असा राज्याच्या कोर्टांचा नियम आहे. मला तो पटतो. खरी गरज असलेला माणूस रांगेत उभा राहतो. शेजाऱ्याची उणीदुणी काढायला रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्याला तेवढे कष्ट नको असतात.

भाची: खिडकीवर गेल्यावर काय सांगू?

मावशी: पूर्ण नाव, लग्नाआधीचं नाव, साधारण कुठली वर्षं. शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर पंधरा डॉलर, नकलेला पानाला पन्नास सेंट. आधी खटल्याचा नंबर मिळव, मग त्या नंबराचा रोजनामा माग. इथे त्याला रजिस्टर ऑफ ॲक्शन्स म्हणतात, पण आहे आपला रोजनामाच: कुठल्या तारखेला काय झालं, ओळीने.

भाची: आणि नाव सापडलंच, तर ती हीच बाई कशावरून?

मावशी: हा खरा प्रश्न. या काउंटीत अमित नावाचे पाटील किती असतील, सांग बरं. पूर्वी रिव्हरसाइड काउंटीच्या वेबसाइटवर जन्मतारीख टाकून शोधता यायचं. 2021 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हे नियमात बसत नाही. तेव्हापासून नाव जुळलं तरी माणूस जुळेलच असं नाही. मधलं नाव, त्या काळातलं गाव, वकिलाने दिलेले अर्ज, सगळं ताडून बघावं लागतं. तेही जुळलं नाही तर तो कागद त्या बाईचा नाही असंच धरायचं.

भाची: आणि जुळलं तर?

मावशी: तर शेवटच्या नोंदीपर्यंत वाच. आमच्या कचेरीत एक मराठी मुलगा आला होता, नागरिकत्वाचा अर्ज भरायला. कॉलेजात असताना अटक झाली होती, आरोप फेलनीचा. पुढे तो खटला काढून टाकला गेला. तो म्हणाला, 'विषय संपला होता ना, मी विसरूनही गेलो.' पण त्या अर्जाला प्रत्येक अटकेच्या निकालाची प्रमाणित नक्कल लागते, खटला टिकला नसला तरी. मी ती काढून आणली. पहिल्या पानावर आरोपांची भली मोठी यादी होती. ती वाचताना माझेच हात गार पडले. शेवटच्या नोंदीत एक ओळ होती: डिसमिस्ड. ती ओळ दिसेपर्यंत तो मुलगा माझ्या समोर बसून होता, पाणीही प्यायला नाही. तेव्हापासून मी फाइल शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते.

भाची: म्हणजे आरोप आणि निकाल वेगळे.

मावशी: हो. आणि नोकरी देणाऱ्याने दोष सिद्ध न झालेल्या अटकेवरून निर्णय घ्यायचा नाही, असा इथे कायदा आहे.

भाची: फाइलमध्ये सगळं असतं का?

मावशी: नसतं. पोलिसांचा पूर्ण अहवाल सहसा नसतो. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल निकालानंतर साठ दिवस उघडा असतो, मग बंद. अल्पवयीन मुलांच्या फायली गोपनीय, सील झालेल्या अटका दिसत नाहीत. काही दोषसिद्धींवर शिक्षा भोगून झाल्यावर कायदा दिलासा देतो, मग कोर्ट ती माहितीही बाहेरच्याला देत नाही.

भाची: मग काही सापडलं नाही तर मी निर्धास्त कशी होऊ?

मावशी: तुझ्यासाठी कोर्टापेक्षा चांगली वाट आहे. ट्रस्टलाइन. मुलं सांभाळणाऱ्यांसाठी राज्याची नोंदवही आहे ती. न्याय खातं आणि एफबीआय यांच्याकडे ठसे तपासतात, मुलांच्या छळाच्या नोंदींची राज्याची यादीही बघतात. ठशांमुळे नावांचा घोळ राहत नाही, 58 काउंट्या फिरायला नको. त्या बाईंना सांग, अर्ज करा, फी मी भरते.

भाची: हे तू आधी का नाही सांगितलंस?

मावशी: कारण तू कोर्टाचं विचारलंस. आणि कोर्टातही जायचं असेल तर जा, पण आपणच काढलेले सार्वजनिक कागद कामासाठी वापरायचे असतील तर त्यांची प्रत सात दिवसांत त्यांना द्यावी लागते, हेही कायद्यात आहे. त्यांना कळू न देता करायचं हे कामच नाही.

भाची: उद्या सकाळी त्या येतायत, बाळाला पुन्हा भेटायला.

मावशी: मग तेव्हाच बोल. चहा कर, बसव, आणि लग्नाआधीचं नाव त्यांनाच विचार.